तेजूच्या वाटीतलं तेल

आळेफाट्याला नगर रस्त्याच्या कडेला नवनाथची शेड होती. पत्र्यावर पिवळ्या रंगानं लिहिलेलं, ‘गॅस सिलिंडर वॉल्व्ह रिपेअरिंग व टेस्टिंग’. शेडच्या मागं राहायच्या दोन खोल्या. लग्न होऊन स्नेहल पहिल्यांदा त्या घरात आली तेव्हा तिनं भिंतीवर हात ठेवून विचारलं होतं, "शेडची आणि आपली भिंत एकच आहे की वेगवेगळी?"

"एकच," नवनाथ म्हणाला. "का गं?"

"काही नाही. असंच."

ते ‘असंच’ चार वर्षं झाली तरी गेलं नव्हतं. जुन्नरच्या कॉलेजातून ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. कारण कळलं की भीती कमी होते म्हणतात. तिच्या बाबतीत उलटंच झालं. तिला कारणं माहीत होती, म्हणून भीती नेमकी होती. कुठून येईल, कशी येईल, किती वेळात येईल, सगळं तिला दिसायचं. लेक तेजू झाल्यापासून तर ती भांडं पडलं तरी आधी भिंतीकडं बघायची आणि मग भांड्याकडं.

नवनाथनं भोसरीच्या एका ऑक्सिजन प्लँटमध्ये सहा वर्षं काढली होती. तिथं शिकलेल्या कामावर त्यानं इथं बस्तान बसवलं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली गॅरेजवाली, वेल्डिंगवाली मंडळी त्याच्याकडं सिलिंडर आणायची. कुणाचा वॉल्व्ह गळायचा, कुणाचा फिरायचा नाही. नवनाथ रिकाम्या सिलिंडरचा पितळी वॉल्व्ह उतरवायचा, आतलं झिजलेलं बदलायचा, सिलिंडर चाकणहून भरून आणायचा आणि मग वॉल्व्हवर ब्रशनं साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघत बसायचा. घड्याळ लावून पाच मिनिटं. बुडबुडा नाही आला की खडूनं सिलिंडरच्या पोटावर ‘ओके’ आणि तारीख.

शेडच्या जमिनीवर मधोमध चुन्याची एक रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडं पाने, हातोडे, व्हाइस, लेथ. रेघेच्या पलीकडं ऑक्सिजनचे सिलिंडर आणि वॉल्व्ह. पलीकडं तेल न्यायचं नाही, ग्रीस न्यायचं नाही, तेलकट फडकं न्यायचं नाही, तेलकट हातही न्यायचा नाही. रेघेवरच बादली आणि साबणाची वडी. नवनाथ डोक्याला तेल लावत नसे, आणि तेजूला सकाळी तेल लावलं की संध्याकाळी शेड बंद होईपर्यंत तो तिला उचलत नसे. लांबूनच टाळ्या वाजवायचा. तेजू हात पसरायची, रडायची, पण नाही.

"ऑक्सिजन स्वतः जळत नाही," त्यानं स्नेहलला सांगितलं होतं, जणू तिला ते माहीतच नव्हतं. "पण दाबानं सुटला आणि वाटेत तेलाचा थेंब भेटला, तर काडी लागत नाही न् ठिणगी लागत नाही. तेल आपोआप पेटतं, मग वॉल्व्हचं पितळसुद्धा पेटतं. आमच्या प्लँटात सोपान म्हणून होता. हातमोज्याला ग्रीस होतं. वॉल्व्ह उघडला, बस."

"मग?"

"मग काय. तोंडाचा होता तो, लई हसवायचा. त्याचं तोंडच राहिलं नाही."

सोपानला स्नेहलनं कधी पाहिलं नव्हतं, तरी तो तिच्या घरात राहायला आला तो आलाच.

नव्व्याण्णव सालच्या नवरात्रात तिची सासू कोंडाबाई पिंपरी पेंढारहून नातीसाठी राहायला आली. हाताला काम लागणारी बाई. आल्या दिवशीच तिनं तेजूसाठी खोबरेल तेलात वेखंड उकळून ठेवलं होतं, रोज पितळेच्या वाटीत काढायची. पोराच्या कोरड्या डोक्याकडं बघून मात्र तिचा जीव तुटायचा. "सोन्यासारखे केस व्हते माझ्या नवनाथचे. आता बघ, वाळल्या गवतावानी. ह्यो कसला धंदा म्हनायचा, ज्यात माणसानं डोक्याला तेल लावू नये?"

"आत्याबाई, तेल लावलं तर डोकंच राहणार नाही," स्नेहल म्हणाली.

"तू गप. तुला ऊनसावलीचं बी भ्या वाटतं."

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी स्नेहलनं नवनाथला विचारलं, उद्या हत्यारांची पूजा कोण करणार, तेल कुठं लावणार, रेघेपलीकडं कोणी जाणार नाही ना. नवनाथला सकाळीच मंचरला जायचं होतं, तिथल्या एका गॅरेजात सिलिंडर गळत होता. तो चपला शोधत हसला. "तू वाऱ्याला पण विचारशील, कुठून आलास, कुठं चाललास. आईला मी सांगितलंय, ग्रीस आणि काळं तेल पलीकडं चालत नाही म्हणून. आता किती वेळा तेच?"

ते हसू तिला लागलं. तिनं मनाशी ठरवलं, उद्या काही विचारायचं नाही. एक दिवस तरी माणसासारखं राहायचं.

सकाळी नवनाथ मोटारसायकलवर मंचरला गेला. कोंडाबाईनं अंघोळ करून शेड झाडली, हत्यारं पुसून पाटावर मांडली, झेंडू वाहिला, उदबत्ती लावली. उदबत्ती रेघेच्या कितीतरी अलीकडं होती, स्नेहलनं दारातून बघून घेतलं. शेजारच्या पंक्चरवाल्याचा पंप, समोरच्या गॅरेजातला जॅक, सगळ्यांना हार. आज कोणी हत्यार उचलणार नव्हतं. फाट्यावर अशी शांतता वर्षातून एकदाच.

आणि त्यात नऊ वाजता डिंगोऱ्याच्या हौशीरामभाऊंची जीप येऊन थांबली.

"वहिनी, आमचा शिलिंडर तयार हाय म्हनले नवनाथभाऊ."

"आज? आज खंडेनवमी ना."

"आवो, आमच्यात कुठं खंडेपूजा?" हौशीरामभाऊ हसले. पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारके पांढरे डाग. "आमचा सन उद्या. उद्या समदी जुन्नरला जायची, बुद्धवंदना, मिरवणूक. म्हनून आजच्या आज काम उरकायचंय. एकाची ट्रॉली पडलीय दारात, दांडा वाकलाय, कापून काढायचाय. साखर कारखाना सुरू व्हईल आता, ट्रॉलीवाला काय मला झोपू देत न्हाई."

सिलिंडर रेघेपलीकडं भिंतीला साखळीनं बांधलेले होते. तीन भरलेले, काळे, गळ्यापर्यंत उंच. हौशीरामभाऊंनी साबणानं हात धुतले, त्यांना रेघेचा नियम ठाऊक होता, आणि खडूनं नाव लिहिलेला आपला सिलिंडर तिरका करून बुडावर फिरवत बाहेर आणला. वॉल्व्हच्या तोंडावरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर कुंकवाचं एक बोट उठलेलं होतं.

"वहिनी, आमच्या शिलिंडरला बी हिंदू केला का काय?"

ड्रायव्हर हसला. स्नेहलही हसली. पण कुंकू रेघेपलीकडं कसं गेलं? ते विचारायला तिनं घराकडं मान वळवलीसुद्धा. मग तिला नवनाथचं कालचं हसू आठवलं. कुंकू तर कोरडंच असतं. पावडर. मान तिनं पुन्हा जीपकडं वळवली.

"आता ओतुरात रॉड घेतो, घरी गेलो की अकराला सुरू. दुपारपतुर मोकळा," हौशीरामभाऊ म्हणाले, आणि जीप कल्याण रस्त्याला लागली.

दहाच्या सुमाराला तिनं तेजूला पायांवर घेतलं. वाटी उचलली तर हलकी लागली. काल संध्याकाळी तिनंच काठापर्यंत भरून ठेवली होती. तळाला चमचाभर तेल उरलेलं. तिनं तेवढंच हातावर घेतलं, तेजूच्या पोटऱ्या चोळल्या, आणि आत बघून सहज विचारलं, "आत्याबाई, वाटीतलं तेल कुठं गेलं?"

"लावलं की हत्याराला," कोंडाबाई आतून म्हणाली.

"सगळं?"

"हत्याराला जरा, आन् त्या नळांना जरा."

स्नेहलचा हात तेजूच्या गुडघ्यावर थांबला. "कुठल्या नळांना?"

कोंडाबाई पदराला हात पुसत दारात आली. तिच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. "त्या काळ्या बाटल्यांच्या. अगं, पाने-हातुडे काय, ते कुनाच्याबी घरात असत्यात. तुमचं पोट त्या नळांवर चालतं ना? त्येंनाच कोरडं ठेवायचं? मला कसंतरीच वाटलं. टोप्या काढल्या, तोंडात दोन-दोन थेंब सोडले, कुंकू लावलं, पुन्यांदा टोप्या बशिवल्या."

"आत्याबाई! तेल लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"काळं तेल न्हाई, गिरीस न्हाई, हे मला म्हाईत हाय की. म्हनून तर हे घेतलं. तेजूचं." कोंडाबाई गोंधळली. "घरचं, सोवळं. लेकराच्या टाळूला चालतं, ते पितळंला चालनार न्हाई व्हय?"

स्नेहलला हौशीरामभाऊंचा हात दिसला, ठिणग्यांच्या डागांचा, वॉल्व्हवर चावी बसवताना. आणि त्या हाताच्या वर, जिथं चेहरा असायचा, तिथं सोपान.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

"किती जणांना लावलं?"

"तिघांना. तीनच व्हते. का गं? काय झालं? स्नेहल, काय झालं?"

"त्यातला एक गेला."

पुढच्या दोन मिनिटांत तिनं जे केलं ते सगळं तिला नंतर एकेक करून आठवलं. तेजूला दुपट्यात गुंडाळलं. शेडचं कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली, खडूनं दारावर लिहिलं, ‘उघडू नका. सिलिंडरच्या तोंडात तेल आहे.’ तेजूला बरोबर न्यायचं? जिथं तो सिलिंडर आहे तिथं? मग ठेवायचं? जिथं भिंतीपलीकडं दोन आहेत तिथं? दोन्हीकडं आगच होती. शेवटी ती दोन घरं सोडून राहणाऱ्या अंबाबाईच्या ओट्यावर गेली, तेजू अंबाबाईच्या मांडीवर ठेवली, आणि मागं आलेल्या कोंडाबाईला म्हणाली, "इथून हलायचं नाही. हे आले की सांगायचं, शेड उघडू नका. तेल लागलेला हात कशाला लावायचा नाही. आग लागते. कळलं?"

"तेलानं?" कोंडाबाई आपल्या हातांकडं बघत राहिली.

गेणभाऊच्या एसटीडी बूथवर तिनं डायरीतला नंबर दिला. हौशीरामभाऊंच्या गॅरेजसमोरच्या किराणा दुकानाचा नंबर होता. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना.

"तराजूची पूजा करून दुकान बंद केलं असंल," गेणभाऊ म्हणाला. "आज समद्यांची हत्यारं झोपलीत, वहिनी. सांजच्याला करा."

"गेणभाऊ, दर पाच मिनिटांनी लावत राहा. कोणी उचललं तर सांगा, हौशीराम वेल्डरला म्हणावं सिलिंडर उघडू नको. त्यात तेल गेलंय. नवनाथचा निरोप म्हणून सांगा." नवनाथचं नाव तिनं मुद्दाम घेतलं. तिच्या नावानं सांगितलं तर माणसं हसतात, हे तिला ठाऊक होतं.

गेणभाऊनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि रिसीव्हर उचलला.

कल्याणकडं जाणारी एसटी स्टँडवर उभी होती. कंडक्टर खाली उतरून गाडीच्या नाकाला हार बांधत होता. ड्रायव्हरनं लिंबू ठेवलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर दिला. स्नेहलच्या हातावरही. ताज्या खोबऱ्याचा वास नाकात गेला आणि तिनं तो तुकडा मागच्या पोराला देऊन टाकला. दहा वाजून एकवीस मिनिटं. शेवटी गाडी हलली.

पिंपरी पेंढारला तिघं उतरली, पाच चढली. एका म्हातारीचं गाठोडं दारात अडकलं. स्नेहल सीटच्या कडेवर बसून होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. हात धुवायचे राहिले होते. बोटं तेलानं चकचकत होती आणि त्या हातांनी तिनं खिडकीचा गजसुद्धा धरला नाही. शेजारची बाई म्हणाली, "माहेरी का?" स्नेहलनं मान हलवली. हो की नाही, तिलाही कळलं नाही.

तिला एकसारखं वाटत होतं की आवाज येईल. इतक्या लांब येणार नाही हे माहीत असून ती ऐकत होती. इंजिनाच्या घरघरीमागं, खिडक्यांच्या खडखडाटामागं. चुकून कुठं फटाका वाजला, तर ती सीटवरून अर्धी उठली. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचं मन हिशेबाला बसलं होतं. कुंकू दिसलं होतं. मान वळली होती. एक शब्द लागला असता, ‘आत्याबाई, कुंकू कसं गेलं?’ एवढाच. चार वर्षं नको तिथं हजार वेळा विचारलं, आणि जिथं विचारायचं तिथं शहाणपणा केला.

ओतूरला झेंडूचा बाजार रस्त्यावर आला होता. पिवळ्या-केशरी ढिगांमधून गाडी मुंगीच्या पावलांनी चालली. हार्डवेअरच्या दुकानासमोर हौशीरामभाऊंची जीप असेल म्हणून तिनं डोळे फाडून बघितलं. दुकान उघडं होतं. जीप नव्हती.

पावणे अकरा.

"मास्तर, डिंगोऱ्याला फाट्यावर नाही, वेल्डिंगच्या दुकानासमोर उतरवा."

"तिथं स्टॉप न्हाई, ताई."

"माणूस मरेल, हो!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की गाडीतली सगळी बोलणी थांबली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. कंडक्टरनं ड्रायव्हरकडं बघितलं. मग गाडी कुठंच थांबली नाही. हात दाखवणारी माणसं मागं शिव्या देत राहिली.

गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचा पत्र्याचा मांडव. दारात ट्रॉली, तिचा दांडा वाकडा. ओट्यावर हौशीरामभाऊंची बायको अंजना उद्यासाठी पांढऱ्या साडीला काठ शिवत बसलेली. सिलिंडर उभा होता, त्याची टोपी काढून जमिनीवर टाकलेली, तोंडाला दाब दाखवणाऱ्या घड्याळांचा रेग्युलेटर आवळलेला. आणि हौशीरामभाऊ चावी वॉल्व्हवर बसवत होते.

"हौशीरामभाऊ! थांबा! हात काढा!"

त्यांनी वर बघितलं. हात काढला नाही. "वहिनी? तुमी कशा काय इकडं?"

ती धावत मांडवात शिरली आणि हातभर अंतरावर येऊन थिजली. चावी हिसकावून घ्यावी म्हणून हात पुढं गेला होता, आणि तिला तो हात दिसला. तेलाचा. तिनं दोन्ही हात मागं घेतले, पाठीशी धरले. तिच्याकडं आता बोलण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"उघडू नका. वॉल्व्हच्या तोंडात तेल आहे."

"तेल?" हौशीरामभाऊ हसले. "आवो, नवनाथभाऊंच्या हातचा वॉल्व्ह हाय ह्यो. ओके लिवलंय, हे बघा. तुमाला उगंच वाटलं असंल. घाबरू नका, लई वर्सं झाली मला ह्या धंद्यात."

"मला माहीत आहे मी घाबरट आहे." तिचा आवाज फुटला. "सगळ्यांना माहीत आहे. मी उगाच घाबरते, रोज घाबरते. पण हे तसं नाही. टोपीवर कुंकू होतं ना, तुम्हीच बघितलं. आमच्या आत्याबाईंनी पूजा करताना तोंडात तेल सोडलं. तेजूचं. खोबरेल, वेखंड घातलेलं. मला ते कुंकू दिसलं होतं आणि मी विचारलं नाही. पाया पडते तुमच्या, उघडू नका. रेग्युलेटर सोडवा आणि वास घ्या. वास नाही आला तर मी उभी राहते इथं, तुम्ही माझ्यासमोर उघडा."

अंजनाचा सुईचा हात थांबला होता. "आवं, घ्या की वास," ती नवऱ्याला म्हणाली. "बाई एवढी लेकरू टाकून आली."

हौशीरामभाऊंनी चावी बाजूला ठेवली. पान्यानं नट ढिला केला, रेग्युलेटर उतरवला, आणि वाकून वॉल्व्हच्या तोंडाला नाक लावलं.

ते वाकलेलेच राहिले. स्नेहलला वाटलं, त्यांना वास आला नाही. मग ते हळूहळू सरळ झाले आणि दोन पावलं मागं सरले.

"न्हाल्या लेकराचा वास येतोय," ते शेवटी म्हणाले. "टाळूचा."

ते ओट्यावर अंजनाशेजारी जाऊन बसले, आणि कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले. अंजनानं पाणी आणलं. स्नेहलला प्यायचं होतं, पण तांब्या धरायला हात पुढं होईना. अंजनानंच तिच्या हातावर साबण लावला, दोनदा, तीनदा, लहान पोराचे धुवावेत तसे.

समोरच्या बंद दुकानात फोनची घंटी वाजली, वाजून थांबली, पाच मिनिटांनी पुन्हा वाजली. गेणभाऊ लावतच होता.

सिलिंडरला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. हौशीरामभाऊंनी त्याच्याभोवती दोरी बांधली, पोती ओली करून बाजूला ठेवली, अंजनाला शेजारी बसवलं, आणि स्वतः जीपनं स्नेहलला फाट्यावर सोडायला निघाले. ओतूरच्या पुढं आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुमचं बोलनं मी हसण्यावारी नेत व्हतो." आणि थोड्या वेळानं, "आत्याबाईला रागवू नका. तिनं चांगलंच तेल घेतलं व्हतं."

अंबाबाईच्या ओट्यावर तेजू अंबाबाईच्या खांद्यावर झोपली होती, रडून रडून नाक लाल. कोंडाबाई खाली अंगणात, दहा हात लांब, उन्हात बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे. हातांची कातडी राखेनं घासून घासून सोलवटली होती.

"पोरीनं आकांत केला," अंबाबाई म्हणाली. "म्हातारी काय उचलायला येईना. म्हनती, माज्या हाताला तेल हाय. पाच येळा हात धुतलेत तिनं."

कोंडाबाईनं मान वर केली. "हाय का जिता?"

"आहेत. हे काय, जीपमध्ये."

म्हातारीनं रस्त्याकडं बघितलं. हौशीरामभाऊंनी जीपमधून हात हलवला. मग तिनं आपले दोन्ही हात स्नेहलपुढं धरले. "बघ गं. येतो का वास अजून? घिऊ का पोरीला?"

स्नेहल खाली बसली. ते हात तिनं हातात घेतले आणि वास घेतला. राखेचा होता. आणि राखेखाली कुठंतरी, अगदी खोल, वेखंडाचा. की तो तिच्याच नाकात बसला होता?

"घ्या," ती म्हणाली. पण म्हणायला तिला वेळ लागला, आणि तो वेळ कोंडाबाईच्या लक्षात आला.

नवनाथ दुपारी आला. दारावरचं खडूचं लिहिलेलं त्यानं उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं, आणि तिथंच पायरीवर बसला. स्नेहलला फक्त विचारलं, "कळलं कसं तुला?"

"वाटी हलकी लागली."

"आणि वाटी भरलेली असती तर?"

तेजूचं तेल आदल्या संध्याकाळी थोडं जास्त उकळलं असतं, कोंडाबाईनं वाटी पुन्हा भरून ठेवली असती, तर. स्नेहल आजवर जे होईल त्याला भ्यायची. त्या दिवसापासून जे झालं नाही त्यालाही भ्यायला लागली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकणच्या प्लँटवरची माणसं आली आणि डिंगोऱ्याचा धरून तिन्ही सिलिंडर घेऊन गेली. त्यांच्याकडं ते मोकळे करायची सोय होती. वॉल्व्ह सुटे होऊन परत आले, नवनाथनं एकेक भाग तेल काढायच्या औषधात धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. आठवड्यानं सिलिंडर भरून आले. साबणाचं पाणी, पाच मिनिटं, ‘ओके’ आणि तारीख.

हौशीरामभाऊ न्यायला आले तेव्हा शेडच्या दारात सगळी होती. कोंडाबाई तेजूला घेऊन रेघेपासून लांब, अंगणातच उभी. तिनं नातीला तेल लावणं सोडलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं.

हौशीरामभाऊंनी हात धुतले, रेघ ओलांडली, सिलिंडरची साखळी काढली. मग नवनाथकडं न बघता त्यांनी वॉल्व्हवरची टोपी काढली आणि बाजूला सरून उभे राहिले.

"वहिनी, आधी तुमी."

नवनाथ हसला नाही.

स्नेहलनं साबणानं हात धुतले. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं ती रेघ ओलांडली. वाकून वॉल्व्हच्या तोंडाला नाक लावलं. थंड पितळ, थोडा औषधाचा उग्रपणा. बाकी काही नाही. ती सरळ झाली. हौशीरामभाऊ सिलिंडर तिरका करायला पुढं आले.

"थांबा," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

हौशीरामभाऊ थांबले.